हँडल कोण फिरवणार?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाने वर्धापनदिनानिमित्त काढलेली ‘२०४७ मधील आपला जिल्हा’ ही विशेष पुरवणी मी सकाळी चहाबरोबर एकदा आणि दुपारी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली. संगणकाकडून काढून घेतलेली त्यातील चित्रे देखणी आहेत. आयर्विन पुलाशेजारी कृष्णाकाठी उभे केलेले काचेचे मनोरे, तासगावकडच्या द्राक्षबागेत घडांची विरळणी करणारे यंत्रमानव, मिरजेहून पुण्याकडे उडत निघालेली टॅक्सी आणि शेवटच्या पानावर एका ‘स्मार्ट’ घराचा दिवाणखाना, हे सगळे पाहताना माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही क्षणभर वाटून गेले की आणखी वीसेक वर्षे काढायला हरकत नाही. मात्र त्या दिवाणखान्यात एक गोष्ट मला खटकली आणि हे पत्र तिच्यामुळेच लिहीत आहे. त्या खोलीत भिंत बोलते, पडदे आपोआप सरकतात, फरशी पुसणारे यंत्र सोफ्याखालून बाहेर येताना दिसते, पुरुष आरामखुर्चीत बसून हवेत तरंगणाऱ्या पडद्यावर बातम्या वाचतो आहे, आणि स्वयंपाकघराच्या दारातून साडी नेसलेली एक बाई हातात चहाचा ट्रे घेऊन येते आहे.

चित्र यंत्राने काढले असल्यामुळे दोष नेमका कोणाला द्यावा हे मला कळत नाही, आणि तो द्यायचाही नाही. कारण हीच चूक आम्ही सुमारे साठ वर्षांपूर्वी, कोणत्याही संगणकाच्या मदतीशिवाय, टाक आणि दौत घेऊन केली होती.

१९६६-६७ साली मी वाळवा तालुक्यातील एका गावच्या हायस्कुलात नववीत शिकत होतो. जिल्ह्याला ‘सांगली’ हे नाव मिळून तेव्हा सहाच वर्षे झाली होती आणि आमचे आजोबा पत्रावर पत्ता सांगताना अजूनही ‘दक्षिण सातारा’ असेच लिहायला लावत. आमच्या शाळेचे एक हस्तलिखित दरवर्षी २६ जानेवारीला प्रसिद्ध होई, म्हणजे ग्रंथालयाच्या टेबलावर दोरीने बांधून ठेवले जाई. त्या वर्षी मराठीच्या गुरुजींनी विषय दिला होता, ‘सन २००० मधील आमचे गाव’. माझे अक्षर बरे म्हणून निवडलेले सर्व निबंध उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे मी भूगोलाचा शिक्षक झालो, आणि बऱ्याच वर्षांनी ती शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा जुनी हस्तलिखिते रद्दीवाल्याच्या काट्याजवळ पडलेली दिसली. त्यातले एवढे एक मी उचलून घरी आणले. २०१९ च्या महापुरात गावभागातील आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर छातीएवढे पाणी चढले होते. ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, तरी दमटपणाने हस्तलिखिताची शेवटची काही पाने एकमेकांना चिकटलीच.

त्यात सतरा निबंध आहेत; सोळा मुलांचे आणि एक मुलीचा. एकाने इस्लामपूरचा आठवडी बाजार चंद्रावर भरवला आहे आणि तेथे वांगी वजनाला हलकी भरतील म्हणून गिऱ्हाइकाने सावध राहावे, अशी सूचनाही केली आहे. दुसऱ्याने आषाढी वारी अग्निबाणातून पंढरपूरला पाच मिनिटांत पोहोचवली, पण अग्निबाणात शिरण्यापूर्वी चपला बाहेर काढून ठेवाव्यात हे लिहायला तो विसरला नाही. तिसऱ्याने शेतातील सर्व कामे यंत्रांकडे सोपवून बैलांना पेन्शन दिली. वडील साखर कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाने मळीपासून निघणाऱ्या इंधनावर चालणारी मोटार लिहिली होती, तेव्हा आम्ही त्याला ‘मळीवाला’ म्हणून चिडवले होते. आज पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते हे पाहून त्याची क्षमा मागावी असे वाटते. टेलिफोनाबद्दल मात्र सतरापैकी एकानेही अक्षर लिहिलेले नाही. अग्निबाण आम्हाला वर्तमानपत्रातून ठाऊक होता, पण टेलिफोन गावात कोणी वापरलेलाच नव्हता. त्यामुळे चंद्रापर्यंत जाऊन आलेल्या आमच्या कल्पनेला खिशातला फोन काही सापडला नाही.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिलेली दोन वाक्ये एका अतिशय हुशार मुलाच्या निबंधात आहेत. तो लिहितो : ‘विहिरीवर विजेची मोटर बसेल. आई बटण दाबील, घागर आपोआप भरेल आणि आई ती डोक्यावर घेऊन घरी येईल.’ वीज विहिरीपर्यंत आणण्याचे धाडस त्याच्या कल्पनेने केले, परंतु विहिरीपासून चुलीपर्यंतचा रस्ता आईच्या डोक्यावरच ठेवला. त्याचे आईवर प्रेम नव्हते असे अजिबात नाही. रहाट ओढून तिचे हात सोलवटतात हे त्याने पाहिले होते, म्हणून तर त्याला मोटर सुचली. पण आईने पाणी आणणे ही गोष्ट त्याच्या दृष्टीने सूर्य पूर्वेला उगवण्याइतकीच निसर्गाची होती. मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून काढले आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

आमच्याकडून हे झाले यात नवल नाही, कारण आमच्याहून कितीतरी थोर माणसांकडूनही हेच झालेले आहे. १९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्याँ-मार्क कोते आणि इतर काही चित्रकारांनी सन २००० मधील जीवनाची एक चित्रमालिका तयार केली होती. तिच्यात आग विझवणारे जवान पाठीला पंख लावून उडत येतात, न्हाव्याच्या दुकानात यंत्राचे हात दाढी करतात, आणि समुद्राच्या तळाशी माणसे हौसेने सहलीला जातात. त्यातील शाळेचे चित्र मी वर्गात अनेक वर्षे मुलांना दाखवत असे. मुले बाकांवर ओळीने बसली आहेत, त्यांच्या डोक्यावर टोपासारखे काहीतरी आहे, वरून तारा आल्या आहेत. गुरुजी एका पेटीवजा यंत्रात पुस्तके टाकत आहेत आणि त्या पुस्तकांतील ज्ञान दळून तारांवाटे थेट मुलांच्या डोक्यात जाते आहे. मुले हसत आणि ‘सर, गृहपाठ नाही ना?’ असे विचारत. त्यानंतर मी त्यांना चित्राचा कोपरा नीट पाहायला सांगे. तिथे त्याच वयाचा एक मुलगा त्या यंत्राचे हँडल हाताने फिरवत उभा आहे. त्याच्या डोक्यावर टोप नाही. विजेच्या युगातील शाळा काढताना चित्रकाराला वीज सुचली, तारा सुचल्या, परंतु कोणीतरी उभे राहून दळायचे असते ही त्याच्या काळाची खात्री मात्र सुटली नाही. याच मालिकेतील दुसऱ्या एका चित्रात फरशी घासणारे विजेचे यंत्र आहे, आणि ते चालवायला मोलकरीण आहेच. आपल्या पुरवणीतील चहाचा ट्रे त्याच घराण्यातला आहे.

अमेरिकेतील एडवर्ड बेलामी यांनी १८८८ साली लिहिलेल्या कादंबरीचा नायक १८८७ मध्ये झोपतो आणि सन २००० मधील बोस्टन शहरात जागा होतो. त्या शहरात लोकांजवळ ‘क्रेडिट कार्ड’ असते आणि नावही अगदी हेच आहे. हे वाचून अनेक जण बेलामींना द्रष्टे म्हणतात. मला ते थोडे घाईचे वाटते. त्यांचे कार्ड पुठ्ठ्याचे होते, आणि देशाच्या एकूण उत्पन्नातील प्रत्येक नागरिकाचा समान वाटा त्यावर दर वर्षी जमा होणार होता. आपण ते नाव घेतले आणि त्याखाली कर्ज ठेवले. त्याच शहरात घरबसल्या टेलिफोनमधून रात्रंदिवस संगीत ऐकू येते, ही कल्पनाही आजच्या मानाने अचूकच म्हणायची; पण त्यासाठी सभागृहांमध्ये वादकांचे ताफे आळीपाळीने चोवीस तास प्रत्यक्ष वाजवत बसलेले आहेत. श्रोता पलंगावर पहुडला आहे आणि मध्यरात्री तीन वाजता कुठेतरी कोणीतरी खरोखरच व्हायोलिनवर गज ओढते आहे. आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवून एकाच जागी स्थिर भासणाऱ्या दळणवळण उपग्रहांची मांडणी केली. ती इतकी बरोबर होती की आजचे दूरचित्रवाणीचे उपग्रह त्याच कक्षेत फिरतात. परंतु त्या काळच्या रेडिओतील काचेच्या व्हॉल्व्ह वरचेवर जळत, म्हणून त्या बदलण्यासाठी उपग्रहावर माणसे राहतील असे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणजे तेथेही एक हँडल होतेच, फक्त ते आकाशात होते.

माझ्या स्वतःच्या निबंधाबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोयनेची वीज नुकतीच सुरू झाली होती, शाळेची सहल धरण पाहून आली होती आणि त्या प्रचंड भिंतीने मी भारावून गेलो होतो. सन २००० मध्ये ‘अंधार’ हा शब्द फक्त शब्दकोशात उरेल, असे मी लिहिले आणि त्याखाली लाल शाईने रेघ ओढली. ते हस्तलिखित निघून वर्षही उलटले नव्हते, तोच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेचारच्या सुमारास आम्ही सगळे अंगणात थंडीत कुडकुडत उभे होतो. कोयनानगर उद्ध्वस्त झाले होते आणि मृतांची संख्या पावणेदोनशेच्या घरात गेली. दख्खनचे पठार भक्कम आहे, येथे मोठा भूकंप संभवत नाही, असे आम्हाला शिकवले जात असे. त्या एका पहाटेनंतर देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला आणि मोठ्या जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास आज जगभर होतो. अंधाराचे म्हणाल तर सन २००० च्या पुढेमागे आमच्या गावात भारनियमनाचे वेळापत्रक पंचांगाशेजारी टांगलेले असे. पण आज तो निबंध वाचताना मला भूकंपापेक्षा आणि भारनियमनापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीची अधिक लाज वाटते. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्या माणसांचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नाही. सहलीत आमच्या गाडीवानाने पाण्याकडे बोट दाखवून ‘खाली गावं हायती’ असे सांगितले होते, हे मला पक्के आठवते. ऐकले होते, तरी लिहिले नाही. त्यांच्यापैकी अनेकांचा पुनर्वसनाचा लढा अर्धशतक उलटून गेल्यावरही संपलेला नाही.

येथे थोडे विषयाच्या कडेने जातो. आमच्या पिढीने भविष्याची स्वप्ने पाहिली तशी भीतीही पाहिली. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून ‘अष्टग्रही’चा एवढा बोभाटा झाला की देशभर यज्ञ झाले, आमच्या गावातही वर्गणी काढून तूप जाळण्यात आले. ग्रह आले, गेले, वर्गणीचा हिशेब तेवढा लागला नाही. पुढे जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही अवकाशप्रयोगशाळा कोसळणार होती. मी तेव्हा जत तालुक्यातील एका गावी नोकरीला होतो. आता मरायचेच आहे तर कोंबडी खाऊन मरू, अशा विचाराने त्या आठवड्यात गावातील खुराडी रिकामी झाली, आणि एका सावकाराने घाबरून व्याज माफ केल्याची वदंताही उठली होती, जिच्यावर माझा आजही विश्वास नाही. स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. भाकीत झालेली दोन्ही संकटे अशी टळली आणि ज्याने खरोखर घरे पाडली तो कोयनेचा भूकंप कोणत्याही पंचांगात नव्हता.

तर मुद्दा असा की भविष्याच्या जुन्या चित्रांत यंत्रे चुकली किंवा बरोबर ठरली, याची गंमत सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हँडल फिरवणारे माणूस शोधणे. अशी काही माणसे होऊन गेली की ज्यांनी भविष्य रंगवताना आधी त्या माणसालाच जागेवरून हलवले. बंगालमधील रोकेया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये एक छोटी इंग्रजी कथा लिहिली, ती मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. त्या कथेतील देशात पुरुष पडद्याआड घर सांभाळतात आणि बाहेरचा सर्व कारभार स्त्रिया पाहतात. सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक होतो. स्त्रियांच्या विद्यापीठाने आकाशात सोडलेल्या फुग्यातून नळ्यांवाटे ढगांतील पाणी हवे तेवढे उतरवून घेतले जाते, त्यामुळे तेथे ना दुष्काळ पडतो ना पूर येतो. एकाच पावसाळ्यात शिराळ्याकडे अतिवृष्टी आणि जत-आटपाडीकडे टँकर पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही कथा पाठ्यपुस्तकात घ्यायला हवी होती. एकशेवीस वर्षांपूर्वी सूर्यचूल सुचणे ही बुद्धीची गोष्ट झाली. चुलीपुढून बाईला उठवणे त्याहून अवघड होते, आणि घराच्या पडद्यात वाढलेल्या त्या लेखिकेला ते सुचले, फ्रान्सच्या चित्रकारांना नाही.

आपल्या परिसरातही असे घडलेले आहे आणि पुरवणीत त्याचा उल्लेख नसावा याचे मला वाईट वाटते. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून आपली सत्ता प्रजेच्या आणि गावपंचायतींच्या हाती सोपवली. कुंडल आणि आटपाडी हे आज सांगली जिल्ह्यात असलेले भाग तेव्हा औंधचे होते. त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंती नसलेली, कैद्यांनी शेती करून कुटुंबासह राहावे अशी ती वसाहत आजही आहे. स्वतंत्रपुरात एकही नवे यंत्र नव्हते. कैदी आणि कुलूप यांचे नाते बदलून पाहणे हीच तेथील भविष्याची कल्पना होती. त्याआधी, १९१० मध्ये, याच औंधकरांच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत एकत्रच उभी केली. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांच्या काळात नांगर बनवणे हे धाडस होतेच. परंतु नांगर बनवणारा माणूस राहील कुठे, याचा विचार त्या आराखड्यात पहिल्यापासून होता. आपल्या पुरवणीतील यंत्रमानव द्राक्षाचे घड विरळतो आहे, ठीक आहे. पण आज ते काम करणाऱ्या बायका २०४७ मध्ये कुठे असतील, हे त्या पानावर शोधूनही सापडत नाही.

आता त्या सतराव्या निबंधाविषयी. वर्गात अवघ्या चार मुली होत्या आणि त्यांतील एकीचाच निबंध निवडला गेला, तोही सर्वांत शेवटी टाकण्यात आला. तिने ना चंद्र लिहिला ना अग्निबाण. तिचे पहिलेच वाक्य असे आहे : ‘सन २००० मध्ये आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मोरीत नळ असेल.’ पुढे ती लिहिते की हे आजीला सांगितल्यावर आजी म्हणाली, ‘मग दुपारी बायकांनी करायचं काय?’ गुरुजींनी समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारला होता आणि तो शेराही मी इमानेइतबारे उतरवून घेतला. बऱ्याच वर्षांनी, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यामुळे, जॉन मेनार्ड केन्स यांचा १९३० मधील एक निबंध माझ्या वाचनात आला. आपल्या नातवंडांच्या काळात, म्हणजे शंभर वर्षांनी, राहणीमान चार ते आठ पटींनी उंचावेल आणि आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, असे त्यांनी त्यात वर्तवले होते. आणि मग माणसापुढे खरा प्रश्न उभा राहील तो हाती आलेल्या मोकळ्या वेळेचे करायचे काय, हा. त्यांच्या मुदतीची शंभर वर्षे आता भरत आली आहेत आणि आठवड्याला पंधरा तास काम करणारा माझ्या ओळखीत फक्त मी आहे, तोही निवृत्तीमुळे. तरी प्रश्न खोटा नव्हता. जगप्रसिद्ध अर्थतज्ज्ञाने विचारला तेव्हा तो चिंतन ठरला, आणि वाळवा तालुक्यातील एका आजीने विचारला तेव्हा विषयांतर.

सांगलीच्या लोकांना तर भविष्याचा विचार नवा नाही. या पेठेत हळदीचे वायदे होत, म्हणजे अजून न आलेल्या दिवसाचा भाव येथे रोज ठरत असे. हरिपूरच्या जमिनीतील पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठवून ठेवणारे व्यापारी भविष्यावर भरवसा ठेवूनच ती पेवे भरत, आणि २००५ च्या महापुराने त्यांतील कितीतरी पेवे निकामी केली. पूररेषा हीसुद्धा भविष्याची कल्पनाच आहे : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका असे आकडे ठरलेले आहेत. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि २००५, २०१९ व २०२१ अशा तीन महापुरांनी ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवरचा आमचा विश्वास बराच कमी केला. शहराचा विकास आराखडा हे तर वीस वर्षांपुढचे, सरकारी शिक्क्याचे आणि कायद्याने बंधनकारक असलेले भविष्यचित्र. असे असताना पुरवणीतील काचेचे मनोरे जेथे उभे आहेत ती जागा, माझ्या अंदाजाने आणि माझ्या घराच्या भिंतीवरील पाण्याच्या डागाच्या साक्षीने, पुराच्या पाण्यात आहे. चित्रातल्या नदीचे पाणी मात्र निळेशार, स्थिर आणि वर्षभर एकाच पातळीवर आहे. चित्र काढणाऱ्या यंत्राला पूर माहीत नसेल. ते छापणाऱ्या आपल्या संपादक मंडळाला तो चांगलाच माहीत आहे, कारण २०१९ मध्ये आपल्याच बातमीदारांनी होडीतून पाठवलेल्या बातम्या आम्ही माळ्यावर बसून वाचल्या होत्या.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की पुढील वर्षीच्या पुरवणीत २०४७ च्या चित्रांबरोबर या जिल्ह्यात पूर्वी रंगवलेली भविष्येही छापावीत. जुन्या हायस्कुलांची हस्तलिखिते, ग्रंथालयांतील जुने दिवाळी अंक, बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या फायली आणि मुदत संपलेले विकास आराखडे यांत ती पडून आहेत, आणि दर उन्हाळ्यात त्यातली थोडी थोडी रद्दीत जात आहेत. आपण आवाहन केलेत तर लोक ट्रंका उघडतील. नवी चित्रे काढून घेताना ती केवळ यंत्राकडून किंवा तज्ज्ञांकडून न घेता द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बायकांकडून, ऊसतोडीच्या टोळ्यांकडून आणि शामरावनगरमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांच्याकडूनही घ्यावीत. शक्य झाल्यास प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव आणि तारीख ठळक अक्षरात असावी, म्हणजे २०४७ मध्ये कोणाला तरी ते ताडून पाहता येईल.

माझ्याजवळचे हस्तलिखित मी या कामासाठी आनंदाने देईन. अट एवढीच की ते आपल्या कार्यालयात नेऊ नये, माझ्या घरी येऊन छायाचित्रे काढावीत, आणि शेवटची चिकटलेली पाने कोणी वाफ देऊन किंवा सुरी घालून सोडवू नयेत. जुन्या कागदाचे काम जाणणारा माणूस आपल्या ओळखीचा असेल तर अवश्य पाठवावा. त्या मुलीचा निबंध आजीच्या प्रश्नापर्यंत वाचता येतो आणि पुढचा मजकूर चिकटलेल्या पानांत आहे. आजीला तिने काय उत्तर दिले, हे मी स्वतःच्या हाताने उतरवून काढले होते. परंतु चंद्रावरचा बाजार मला आजही शब्दशः आठवतो आणि तिचे उत्तर आठवत नाही.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
गावभाग, सांगली